मेरी ब्रायंट: सहा वल्ह्यांची होडी, दोन लेकरं आणि ६९ दिवसांचा समुद्र

वेंगुर्लेकरीण

माझे वडील तांडेल होते. होडीत पाणी येत असेल तर ते उपसणाऱ्या माणसाला जेवायलासुद्धा उठू द्यायचे नाहीत. म्हणायचे, त्याचा हात थांबला की होडी संपली. गेल्या वर्षी मुलाकडे सिडनीला सहा महिने होते, तेव्हा तिथल्या ग्रंथालयात जाऊन बसायची सवय लागली आणि मेरी ब्रायंट भेटली. वडिलांचं ते वाक्य तेव्हापासून रोज आठवतंय. म्हणून हा धागा.

मेरी ब्रॉड ही इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमधल्या फोवी गावची. समुद्रावरचं गाव, कोळ्या-खलाशांचं. तिच्या बाप्तिस्म्याची नोंद १७६५ ची आहे. विशीत ती पोटापाण्यासाठी प्लिमथकडे गेली. तिथे तिने आणि आणखी दोघींनी मिळून रस्त्यात एका बाईला मारहाण करून लुटलं. लुटीत एक रेशमी टोपी होती. मार्च १७८६ मध्ये एक्सेटरच्या कोर्टात तिघींना फाशी झाली. मग फाशी रद्द होऊन सात वर्षं समुद्रापार हद्दपारीची शिक्षा मिळाली.

हद्दपार करायचं तर कुठे, हेच तेव्हा ठरलेलं नव्हतं. तोवर मेरीला ‘डंकर्क’ नावाच्या तरंगत्या तुरुंगात ठेवलं. शीड-डोलकाठ्या काढलेली जुनी जहाजं बंदरात नांगरून त्यांत कैदी कोंबायचे, त्यातलंच हे एक. १३ मे १७८७ ला अकरा जहाजांचा पहिला ताफा निघाला तेव्हा ‘शार्लट’ जहाजावर चढलेली मेरी गरोदर होती. ८ सप्टेंबरला भर समुद्रात तिला मुलगी झाली. नाव ठेवलं शार्लट, जहाजाचंच. ताफ्याचा मुख्य डॉक्टर जॉन व्हाइट याच्या रोजनिशीत हा जन्म नोंदलेला आहे.

जानेवारी १७८८ मध्ये ताफा ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याला, आजच्या सिडनीला, पोचला आणि १० फेब्रुवारीला मेरीचं विल्यम ब्रायंटशी लग्न झालं. हाही कॉर्नवॉलचाच, मासेमारी करणारा, आणि कैदी. लग्नाच्या नोंदवहीत मेरीची सही नाही, फुली आहे. वसाहतीत जाळं टाकता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे विल्यमकडे सरकारी होड्या आणि मासेमारी सोपवली. राहायला झोपडी मिळाली, पकडीतला थोडा वाटा मिळाला. १७८९ च्या सुरुवातीला तो चोरून मासे विकताना सापडला. शंभर फटके बसले आणि मुकादमी गेली. पण मासेमारीच्या कामावर त्याला ठेवलंच, कारण दुसरं कोण होतं?

त्यानंतरचं वर्ष उपासमारीचं. मार्च १७९० मध्ये ताफ्यातलं ‘सिरियस’ जहाज नॉरफोक बेटावर फुटलं. शिधा इतका उतरला की माणशी आठवड्याला अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड खारवलेलं डुकराचं मांस, तेही तीन-चार वर्षांपूर्वीचं. वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की तांदळाचा दाणा न् दाणा आतल्या किड्यांमुळे हलत होता. गव्हर्नरकडे जेवायला जाणाऱ्याने आपली भाकरी आपण न्यायची असा दंडक होता. एप्रिलमध्ये मेरीच्या दुसऱ्या बाळाचा, इमॅन्युएलचा बाप्तिस्मा झाला. दूध पाजणाऱ्या बाईने त्या शिध्यावर कसं भागवलं असेल?

ब्रायंट दांपत्याने पळायची तयारी महिनोन् महिने केली. बंदरात आलेल्या एका डच जहाजाच्या कप्तानाकडून होकायंत्र, सूर्याची उंची मोजायचं यंत्र, नकाशा आणि बंदुका मिळवल्या. धान्य झोपडीच्या जमिनीखाली पुरून ठेवलं. २८ मार्च १७९१ ला ते डच जहाज निघून गेलं आणि पाठलाग करू शकेल असं एकही जहाज बंदरात उरलं नाही. त्याच रात्री गव्हर्नर फिलिपची सहा वल्ह्यांची होडी घेऊन ते निघाले. विल्यम, मेरी, साडेतीन वर्षांची शार्लट, वर्षाचंही न झालेला इमॅन्युएल आणि सात कैदी पुरुष. अकरा जीव. बरोबर सुमारे पन्नास किलो पीठ, तेवढाच तांदूळ, साडेसहा किलो मांस आणि फक्त आठ गॅलन पाणी. अकरा माणसांना आठ गॅलन! किनाऱ्याला लागून पाणी भरत राहायचं, एवढाच उपाय होता.

पुढचं प्रतिसादात लिहिते. एका दमात लिहवत नाही.

धोंडोपंत_नाशिक

ताई, वाचतोय. एक शंका. रेशमी टोपीसाठी फाशी? आणि फाशी रद्द करून थेट जगाच्या दुसऱ्या टोकाला? इतका खर्च कशासाठी?

जुना_वकील

धोंडोपंत, त्या काळी इंग्लंडात शेकडो गुन्ह्यांना फाशी होती. रस्त्यात मारहाण करून लुटणं हा तर त्यात वरच्या पायरीचा गुन्हा, मग माल टोपी असो की सोनं. पण एवढ्या लोकांना फासावर चढवणं न्यायाधीशांनाही नको होतं, म्हणून फाशी सुनावून ती हद्दपारीत बदलायची रीत पडली. १७१८ च्या कायद्यापासून असे सुमारे पन्नास हजार कैदी अमेरिकेतल्या वसाहतींत पाठवले गेले. तिथले मळेवाले त्यांची मजुरी विकत घेत. अमेरिकेने स्वातंत्र्ययुद्ध पुकारलं आणि हा मार्ग बंद झाला. १७७६ पासून तरंगते तुरुंग आले ते त्यामुळेच. ते तुंबले तेव्हा न्यू साउथ वेल्सचा किनारा शोधला. १७८८ ते १८६८ या ८० वर्षांत ऑस्ट्रेलियात सुमारे १ लाख ६२ हजार कैदी उतरवले, त्यात बायका २५ हजारांच्या आसपास.

आणखी एक बाब. ताफ्याबरोबर बऱ्याच कैद्यांच्या शिक्षेचे कागदच आले नव्हते. विल्यम ब्रायंटला मार्च १७८४ मध्ये सात वर्षं झाली होती, म्हणजे मार्च १७९१ ला त्याची मुदत संपतच होती. पण परतीचं भाडं स्वतः भरायचं, आणि मेरीची मुदत अजून दोन वर्षं बाकी. तो एकटा सुटला असता. गेला तो सगळ्यांना घेऊन.

वेंगुर्लेकरीण

वकीलसाहेब, कागद नसल्याचं कळल्यावर मला ती रात्र जास्त समजली. आभार.

तर प्रवास. सोबतच्या कैद्यांपैकी जेम्स मार्टिन याने पुढे या सफरीची हकिकत सांगितली. ती हस्तलिखित रूपात लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, जेरेमी बेंथम या तत्त्वज्ञाच्या कागदपत्रांत सापडते. पहिल्या ताफ्यातल्या कैद्याने स्वतः सांगितलेली एवढीच एक हकिकत हाती आहे, म्हणून तिचं मोल फार. भाषा साधी, खलाशाची. दोन दिवसांत त्यांना एका खाडीत कोळसा सापडला, चांगला जळणारा. तिथे मासे मिळाले. पुढे वाऱ्याने होडी आत समुद्रात लोटली. पाणी उपसता उपसता हात राहिले, होडी हलकी करायला अंगावरचे कपडेसुद्धा फेकले. फळ्यांच्या सांध्यांतून पाणी येई, ते बुजवायला साबण वापरला. आमच्याकडे कापूस आणि डांबर भरतात. साबण भरायची वेळ कोणावर येते, हे होडीवाल्याच्या घरात वाढलेलीला सांगावं लागत नाही.

सगळं ओलं असल्यामुळे चूल पेटेना. रात्री थोडा कच्चा तांदूळ चावायचा, बस. मार्टिन म्हणतो की ती बाई आणि तिची दोन तान्ही फार वाईट अवस्थेत होती. संपूर्ण हकिकतीत तो मेरीबद्दल जवळजवळ काही बोलत नाही, आणि हे एक वाक्य मात्र बोलतो. मी ते वाक्य वहीत लिहून घेतलंय.

उत्तरेला प्रवाळांच्या रांगांत छोटी बेटं लागली. तिथे कासवं मिळाली, मांस वाळवून घेतलं. टॉरेस सामुद्रधुनीजवळ मोठ्या होड्यांतून माणसं मागे लागली, म्हणून किनारा सोडून कार्पेंटेरियाचं आखात उघड्या समुद्रातून साडेचार दिवसांत ओलांडलं. ५ जून १७९१ ला तिमोर बेटावरच्या डच कुपांगला पोचले. सव्वातीन हजार सागरी मैल, म्हणजे आपल्या किनाऱ्याने मुंबई-कोची पाच वेळा करूनही वर उरेल. ६९ दिवसांत अकरापैकी एकही जीव गेला नाही. दोन्ही लेकरं जिवंत.

शमी

अकराही जिवंत पोचले हे वाचून अंगावर काटा आला. पण ताई, आता पुढे काय येणार याची भीती वाटतेय.

सह्याद्रीपुत्र

लेख उत्तम. पण एक मुद्दा मांडल्याशिवाय राहवत नाही. ज्या किनाऱ्यावर हे कैदी उतरले तिथे गॅडिगल आणि इतर लोक हजारो वर्षं राहत होते. एप्रिल १७८९ मध्ये त्यांच्यात देवीची साथ आली आणि गव्हर्नर फिलिपने त्यांच्यातल्याच बेनेलाँग नावाच्या माणसाकडून ऐकून लिहिलं की निम्मी माणसं गेली. ‘उपासमार’ म्हणताना ज्यांचे मासे सरकारी जाळ्यांनी ओढून नेले त्यांची उपासमारही मोजावी. मेरीबद्दल हळहळ वाटते, पण ती त्या आक्रमणाचाच एक भाग होती.

वेंगुर्लेकरीण

दादा, तुमचं म्हणणं पटतं. हे मूळ लेखात यायला हवं होतं. जुलै १७८८ मध्येच वसाहतीच्या माणसांनी ओढलेल्या जाळ्यातले मासे तिथल्या लोकांनी जबरदस्तीने नेले, अशी नोंद आहे. थंडीत त्या लोकांना मासे कमी मिळतात आणि नेमकं तेव्हाच परक्यांची जाळी तिथे. रापण दुसऱ्याच्या वाडीसमोर लावली तर आमच्याकडे आजही डोकी फुटतात.

पण याच संदर्भात एक प्रसंग सांगते. पळून जाण्याच्या थोडे दिवस आधी विल्यमची होडी मासे घेऊन परतताना वादळी वाऱ्यात उलटली. होडीत बेनेलाँगची बहीण आणि लहान मुलं होती. ती पोरांना घेऊन पोहत किनाऱ्याला लागली. बेनेलाँग आणि त्याच्या माणसांनी होडी आणि सामान वाचवायला मदत केली. नंतर ती होडी दुरुस्त झाली आणि त्याच होडीतून हे अकरा जण गेले. म्हणजे मेरी ज्या फळ्यांवर बसून सुटली त्या फळ्या वाचवणारे हात त्या लोकांचे होते. आक्रमण होतं, यात शंका नाही. त्यातच एका होडीत बसलेल्या दोन आया आणि त्यांची मुलंही होती.

सह्याद्रीपुत्र

हा प्रसंग माहीत नव्हता. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून वाचेन.

वेंगुर्लेकरीण

आता कुपांग. त्यांनी आपण बुडालेल्या जहाजाचे लोक असल्याचं सांगितलं. डच गव्हर्नर वॅन्योन याने कपडे, अन्न, काम दिलं. दोन वर्षांपूर्वी ब्लाय नावाचा इंग्रज कप्तान बंडानंतर उघड्या होडीतून याच बंदराला लागला होता, त्यामुळे गोष्ट खरी वाटली. दोन महिने बरे गेले. मग बिंग फुटलं. सप्टेंबरमध्ये कप्तान एडवर्ड्स आला. त्याचं ‘पँडोरा’ जहाज प्रवाळात फुटलं होतं आणि बेड्या घातलेले चार बंदी त्यात बुडाले होते. त्याने या सगळ्यांनाही बेड्या ठोकल्या.

बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, तापाचं आगर. १ डिसेंबरला इमॅन्युएल गेला. वीस महिन्यांचं पोर. २२ डिसेंबरला विल्यम. पुढे एक जण समुद्रात उडी टाकून नाहीसा झाला, दोघे वाटेत मेले. केपटाउनला उरलेल्यांना ‘गॉर्गन’ जहाजावर घेतलं. त्यावर परत निघालेले अधिकारी होते, त्यांत वॉटकिन टेंच. हा टेंच १७८७ मध्ये मेरीच्याच जहाजावरून गेला होता! त्याने लिहिलं की या माणसांकडे पाहताना मला प्रत्येक वेळी कीव आणि आश्चर्य वाटलं, स्वातंत्र्यासाठीची शूर झुंज प्रत्येक अडचण जिंकूनही शेवटी फसली.

गॉर्गनवर उकाडा असह्य होता. सैनिकांची मुलं एकामागोमाग जात होती. राल्फ क्लार्क या अधिकाऱ्याच्या रोजनिशीत ६ मे १७९२ ला एक ओळ आहे: कैदी बाईचं मूल गेलं. ती शार्लट. समुद्रात जन्मलेली, समुद्रातच सोडली. चार वर्षं आठ महिने वय. त्यातली किती वर्षं जमिनीवर गेली?

शमी

ताई, मला चार वर्षांची मुलगी आहे. रात्री झोपवल्यावर हे वाचलं आणि उठून तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं. दुसरं काय करू कळेना.

जुना_वकील

कुपांगला बिंग कसं फुटलं यावर दोन हकिकती आहेत. एक म्हणते, कोणीतरी दारूच्या नशेत बोललं. मार्टिन म्हणतो, विल्यमचं बायकोशी भांडण झालं आणि त्याने स्वतः जाऊन सगळ्यांची चुगली केली. मला मार्टिनवर विश्वास ठेवावासा वाटतो. वसाहतीचा न्यायाधिकारी कॉलिन्स यानेही लिहून ठेवलंय की विल्यम तिथलं लग्न बंधनकारक मानत नाही असं बोलायचा.

वेंगुर्लेकरीण

मार्टिन त्या घटनेचा साक्षीदार आहे, हे खरं. पण तो हे सांगतो तेव्हा विल्यम मेलेला आहे आणि सांगणारे तुरुंगात आहेत. मेलेल्यावर दोष टाकणं सोपं असतं. त्याने महिनोन् महिने गुपित राखून तयारी केली, आपली मुदत संपत असताना बायकामुलांना घेऊन गेला. माझ्या मनाला तो चुगलखोर पटत नाही. तुम्हाला वेगळं वाटू शकतं. मेरीचं म्हणणं कोणी लिहून घेतलं असतं तर हा वाद मिटला असता.

पॅरामॅटाकर

मी इथे बावीस वर्षं राहतो. कॉलिन्सचं नाव निघालं म्हणून एक भर. मेरी पळाल्यानंतर वर्षभराने, जून १७९२ मध्ये, ‘अटलांटिक’ जहाज कलकत्त्याहून अन्न घेऊन सिडनीला आलं. त्यात तांदूळ होता, सोजी होती आणि डाळ होती. कॉलिन्सने ‘सोजी’ आणि ‘डाळ’ हे शब्द जवळजवळ तसेच लिहिलेत. कैद्यांना शिध्यात डाळ मिळू लागली. इथे भारतीय दुकानात तूरडाळ घेताना मला ते जहाज आठवतं.

गिरिस्थान

हद्दपारीचा उलटा प्रवाहही होता. १८१५ पासून मुंबई इलाख्यातले कैदी मॉरिशसला रस्ते बांधायला पाठवले गेले. आणि आमच्या महाबळेश्वरला इंग्रजांनी चिनी आणि मलाय कैद्यांसाठी तुरुंग काढला होता. पूर्वेकडच्या ब्रिटिश वसाहतींत शिक्षा झालेली माणसं. ते भाजीपाला पिकवायचे, वेताच्या टोपल्या विणायचे. चायनामन धबधबा बघायला लाखो लोक येतात, पण नाव कुठून आलं ते क्वचितच कोणी विचारतं. त्यांच्यासाठी आपला सह्याद्री म्हणजे काळं पाणीच होतं.

धोंडोपंत_नाशिक

गिरिस्थान, कृपया यावर वेगळा धागा काढा. ताई, मेरीचं शेवटी काय झालं?

वेंगुर्लेकरीण

जून १७९२ मध्ये ती लंडनला पोचली. हद्दपारीतून पळणाऱ्याला फाशी होती. पण वर्तमानपत्रांनी हकिकत छापली, लोकांनी वर्गणी गोळा केली, आणि ७ जुलैला कोर्टाने मूळ शिक्षा पुरी होईपर्यंत न्यूगेट तुरुंगात ठेवा एवढंच सांगितलं. चौघा पुरुषांनी आणि मेरीने सांगितलं की परत तिकडे पाठवण्यापेक्षा मरण बरं. जेम्स बॉसवेल नावाच्या लेखक-वकिलाने त्यांचं प्रकरण हाती घेतलं. गृहमंत्री डंडास त्याच्या ओळखीचा होता, त्याला पत्रं लिहिली. २ मे १७९३ ला मेरीला माफी मिळाली, पुरुषांना नोव्हेंबरमध्ये.

बॉसवेलने तिला लंडनमध्ये खोली घेऊन दिली. तिची बहीण डॉली भेटली. ऑक्टोबर १७९३ मध्ये तो तिला फोवीच्या जहाजावर पोचवायला गेला. त्याच्या रोजनिशीप्रमाणे धक्क्यावरच्या खानावळीत, आधी स्वयंपाकघरात आणि मग बारमध्ये, तो तिच्याजवळ जवळपास दोन तास बसला. तिचं मन उदास होतं. माहेरचे आपल्याला नीट वागवणार नाहीत असं तिला वाटत होतं. तो वर्षाला दहा पौंड पाठवेन म्हणाला आणि १७९५ मध्ये तो वारेपर्यंत शब्द पाळला. नंतर त्याच्या वारसांनी पैसे बंद केले, आणि मेरीही कागदांतून दिसेनाशी होते.

शमी

एवढंच? तिच्या हातचं काहीच मागे उरलं नाही?

वेंगुर्लेकरीण

उरलंय, शमी. सिडनीच्या जंगलात एक वेल होते. तिच्या पानांचा काढा गोडसर लागतो, पहिल्या ताफ्यातले लोक त्याला ‘गोड चहा’ म्हणत आणि औषध म्हणूनही पीत. मेरीने त्या वेलीची थोडी पानं बॉसवेलला दिली. त्याने ती पाकिटात घालून वर ‘बॉटनी बेची पानं, चहासाठी वापरलेली’ अशा अर्थाचं लिहून ठेवलं. बॉटनी बे म्हणजे तीच सिडनीची वसाहत, इंग्लंडात तिला त्या नावाने ओळखत. दीडशे वर्षांनी ती त्याच्या कागदपत्रांत निघाली. त्यांतली काही आज सिडनीच्या मिचेल ग्रंथालयात आहेत.

होडी हलकी करायला कपडे फेकले होते. कुपांगला बेड्या पडल्या, बटाव्हियात नवरा आणि मुलगा गेला, गॉर्गनवर मुलगी गेली, मग न्यूगेट. या सगळ्यातून ती पानं तिच्यापाशी राहिली. माझी समजूत अशी की ती तिने पोरांसाठी घेतली असावीत, कच्चा तांदूळ बाधला तर उकळून द्यायला. वडील समुद्रावर जाताना आई सुंठेची पुडी बांधून द्यायची, तशीच.